तिसऱ्या सकाळचं उत्तर

चैत्रातल्या जयपूरच्या उन्हात कडुनिंब फुलला की हवेत एक मंद, कडवट-गोड गंध तरंगू लागतो. तो आला की मला इस्पितळातली ती खिडकी आठवते आणि खिडकीशी पडून असलेले, वाळून काडी झालेले हे.

ह्यांच्या मोठ्या आतड्याला व्रण पडले होते. शौचाला जाऊन जाऊन जीव मेटाकुटीला येई, दर खेपेला रक्त पडे. शिरेतून स्टेरॉइड चालू होतं. तिसऱ्या सकाळपर्यंत खेपा कमी झाल्या नाहीत तर दुसरं औषध, आणि तेही लागू पडलं नाही तर आतडंच काढायचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. एका आकड्यावर केवढं आयुष्य टांगलेलं!

हे रेल्वेतले. गाडी दोन मिनिटं उशिरा आली तर वहीत दोनच मिनिटं लिहिणारे. पण शरीराच्या बाबतीत आपल्या घरांचा रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. कुणीही विचारो, उत्तर एकच, 'बरं आहे'. ही शालीनता म्हणायची की निव्वळ भीती? तिसऱ्या सकाळी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हे हसून म्हणाले, "अब ठीक है साहब, चार बार."

संडासाच्या कडीचा प्रत्येक आवाज मी मोजला होता. पण चारचौघांत नवऱ्याचा शब्द खोटा पाडायचा? अठरा वर्षांच्या संसारात ते कधी केलं नव्हतं.

"ग्यारह बार, डॉक्टरसाहब," मी म्हणाले.

ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला रडू फुटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

त्याच दुपारी सायक्लोस्पोरिनची बाटली लागली. नावही कधी न ऐकलेलं औषध! रोज रक्त तपासायचं, मूत्रपिंडांना जपायचं. त्या औषधाने ह्यांचे हात कापत, म्हणून पेजेची वाटी मी ओठांशी धरी. हे पीत, पण माझ्याकडे पाहत नसत. तो अबोला मला आजाराहून जड गेला. मी ह्यांना वाचवायला निघाले होते, की ह्यांच्या मनातून कायमची उतरले होते?

औषध सुरू झाल्याच्या सहाव्या सकाळी डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न केला. ह्यांनी कापरा हात उचलून माझ्याकडे केला.

"इनसे पूछिए. ये सही बताएँगी."

मला आकडा ठाऊक होता. मी नुसती दोन बोटं वर केली.