टाळ्या मागायला आलेला गिटारवाला

ढोकीच्या कारखान्यावर आमचे उसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते. पाठीला गिटार अडकवलेल्या एका अनोळखी गड्यानं मला विचारून माझ्या ट्रॅक्टरच्या टेपला पेन ड्राईव्ह लावला.

"अल्बम हाय माझा. गिटार, ड्रम, गाणं, समदं म्याच केलंय. फक्त गाण्यात घालाया टाळ्या तुमी द्या. सवताच वाजवल्या तर लई खोट्या वाटत्यात. गाणं संपलं की वाजवा."

गाणं असं दणाणलं की पुढचे-मागचे ड्रायव्हर धावत आले. त्याची बोटं मांडीवरच पळत होती. गिटार चढत गेली आणि आम्हाला राहवलं नाही. मध्येच टाळ्या, शिट्ट्या सुरू झाल्या.

मोबाइलवर आवाज टिपत तो हसला. "ऱ्हाऊ द्या, ह्याच खऱ्या."

आता ते गाणं ट्रॅक्टरवर लागलं की माझी शिट्टी यायच्या आधी मी आवाज वाढवतो.