हरणाचा कौल

आखातात, खलिफा सिटीतल्या आपल्या मराठी मंडळींत एक गोष्ट फार चवीने कुजबुजली जायची. नागेशच्या दुकानातलं मेलेलं हरण म्हणे त्याला मान हलवून सांगतं, कुठलं पिस्तूल घ्यायचं नि कुठलं नाही. मृणालिनीवहिनींनी तर हळदीकुंकवात शपथेवर सांगितलं. स्वतः त्यांनी त्या दुकानात पाऊलही टाकलं नव्हतं, ते सोडा.

नागेश मूळचा वेंगुर्ल्याचा. शिकारीच्या सामानाच्या दुकानात चौदा वर्षं सेल्समन. आफ्रिकेत हरणांच्या शिकारीला जाणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडूनच लांब पल्ल्याची पिस्तुलं निवडून घेत. रिकामं पिस्तूल हात लांब करून धरायचं आणि वरच्या दुर्बिणीतून पार टोकाच्या भिंतीवरलं हरणाचं मुंडकं न्याहाळायचं, ही त्याची पारख. गावी देवाला पाकळ्या लावून विचारतात ना, तसा हा आपला कौल, असं तो गमतीने म्हणे.

एका सकाळी हरणाने खरोखरच कौल दिला. क्षणभर थांबलं, मग मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. नाही.

नागेशने पिस्तूल खाली ठेवलं. मुंडकं स्थिर, काचेचे डोळे दाराकडे. पुन्हा धरलं. हरण पुन्हा थांबलं, जणू त्याचीच वाट बघत होतं, आणि पुन्हा नाही. दुर्बीण जितकी जवळ आणणारी, तितका नकार ठाम.

घरी सांगितलं तर ईशानी मोबाइलमधून डोळे न काढता म्हणाली, "बाबा, इट्स डेड, ओके?" बायको स्मिता त्याचा उद्याचा शर्ट काढून ठेवत होती. हल्ली सकाळच्या घाईत त्याच्या शर्टाची बटणं तीच लावायची.

तीन आठवडे हरण एकाही पिस्तुलाला हो म्हणेना, आणि नागेश पडला सरळमार्गी. गिऱ्हाइकाला "मत लो" सांगून मोकळा. शेवटी मॅनेजर विजयकुमार साहेबांनी बजावलं, की गुरुवारी दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, एमान मॅडम येताहेत, त्या रिकाम्या हाताने गेल्या तर खलास, काँट्रॅक्ट वाढणार नाही. म्हणजे व्हिसा गेला, आणि ईशानीची बारावी अर्ध्यावर.

गुरुवारी एमान मॅडमनी लांब नळीचं एक पिस्तूल पसंत केलं. दुर्बीण कुठली बसवायची, ते नागेशने सांगायचं होतं. त्याने सगळ्यात ताकदवान दुर्बीण चढवली नि पिस्तूल उचललं. हरण थांबलं. मग त्याच्याकडे बघत मान हलवू लागलं, थांबेचना. "बढिया है" म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण तोंडून निघालं वेगळंच.

"मॅडम, हरन मना करता है."

विजयकुमारांनी डोळे मिटले. एमान मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पिस्तूल काउंटरवरच्या वाळूच्या पिशवीवर टेकवलं आणि नागेशला हात मागे बांधून दुर्बिणीतून बघायला लावलं. हरण गप्प. दगडासारखं.

"नागेश भाई, हरन तो मरा हुआ है," त्या हळूच म्हणाल्या. "हाथ हिलता है तुम्हारा. मेरे बाबा का भी ऐसे ही शुरू हुआ था."

ते पिस्तूल, सगळ्यात साधी दुर्बीण आणि वाळूची पिशवी विकत घेऊन त्या गेल्या. काँट्रॅक्ट वाढलं, नागेश तंबूंच्या काउंटरवर गेला.

हरणाने मान कधीच हलवली नव्हती. नागेशला कंपवात झाला होता.