शेऱ्याचा रकाना

“ह्याच्यावर मी सही करणार न्हाई,” रजिया मॅडम म्हणाल्या आणि प्रिंट माझ्याकडे सरकवली.

जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीची ही लॅब. मॅडम तिथल्या प्रमुख. बाहेर सोयाबीनच्या गाड्या भरून उभ्या होत्या. प्रत्येक लॉटबरोबर, म्हणजे एका खेपेत तयार झालेल्या बियाण्याबरोबर, उगवण चाचणीचा रिपोर्ट जायचा. मॅडमची सही नसेल तर गाडी गेटबाहेर पडायची नाही. पूर्वी रिपोर्ट टाइप करत. त्या हंगामापासून मी पायथन या संगणकभाषेत लिहिलेल्या वेब ॲप्लिकेशनमधून त्याची पीडीएफ निघणार होती. मराठी फॉन्ट बसवतानाच माझा घाम निघाला होता. तो एकदाचा बसला म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

मॅडमचा शेरा होता: ‘उगवण ठीक. मात्र बी नाजूक आहे, खोल पेरू नये, भरपूर ओल असेल तरच पेरावे.’ कागदावर ‘उगवण ठीक’ एवढंच दिसत होतं. बाकीचं वाक्य रकाना ओलांडून कागदाच्या कडेबाहेर गेलं होतं.

तेवढ्यात शेठ, कंपनीचे मालक, आत आले. “काय करून राह्यले तुम्ही? गाड्या कवाच्या भरल्यात.”

“शेरा मोठा आहे,” मी म्हणालो. “नुसतं ‘उगवण ठीक’ ठेवलं तर लगेच प्रिंट देतो.”

“मंग तेच ठेवा की. जल्दी करा.”

“शेठ, ते अर्धंच खरं आहे,” मॅडम म्हणाल्या. “माणूस बी खोल टाकंल, अन् ते उगवणार न्हाई. खाली नाव माझं आहे.”

शेठला तोंडावर असं सुनावणारं दुसरं कोणी मी तिथे पाहिलं नव्हतं. मला बाईंचा राग येत होता आणि कौतुकही वाटत होतं.

मी आधी अक्षरं बारीक केली. “सोबत भिंग पण देणार का?” मॅडमनी विचारलं. मग ठराविक अक्षरांनंतर ओळ तोडून पाहिली. ‘पेरू’तला ‘पे’ वर राहिला, ‘रू’ खाली आला. मॅडमनी ती प्रिंट तशीच माझ्याकडे परत सरकवली.

शेवटी मुकाट्याने मॅन्युअल उघडलं. पीडीएफ बनवायला मी वापरलेला तयार कोड टेबलातला साधा मजकूर एकाच ओळीत छापत सुटतो. तोच मजकूर पॅराग्राफ म्हणून दिला आणि रकान्याची रुंदी ठरवून दिली, की शब्द न तोडता तो खालच्या ओळीवर येतो. टेबलातल्या त्या चौकटीची उंचीही आपोआप वाढते. बदल चार ओळींचा होता. ज्याने ही सोय करून ठेवली, त्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

नवी प्रिंट मॅडमनी अख्खी वाचली आणि सही केली. शेठनी कागद जवळजवळ ओढूनच घेतला. दारापर्यंत गेले आणि तिथेच वाचत थांबले.

“हा लॉट राजूरला चालला ना?”

“हो,” मॅडम म्हणाल्या.

“तिकडं सगळं कोरडवाहू. ओल कुठून आणतील?” त्यांनी बाहेर हाक मारली, “राजूरची गाडी खाली करा रे! हा माल वडीगोद्रीला जाईल, तिकडं पाणी बराबर आहे.”

पोती उतरवण्यात दुपार गेली. मॅडम पुढचे नमुने तपासायला लागल्या होत्या.

तेव्हापासून कुठलंही टेबल करताना मी शेऱ्याचा रकाना आधी आखतो. बाकीचे उरलेल्या जागेत बसवतो.