ब्राह्मीच्या वहीतला ऊर

ब्राह्मी रडत असेल तर कुठल्या भाषेत रडत असेल, हा प्रश्न रविवारच्या फोनपासून चार दिवस अनुराधाच्या डोक्यातून जात नव्हता. लेक धडधाकट होती. खात्यापित्या घरात पडली होती. जावई सन्मती साखर कारखान्यात केमिस्ट, सासू मायाळू. बोट ठेवून दाखवावं असं काळजीचं काही नव्हतंच. तरीही भाकरी थापताना अनुराधाचा हात मध्येच थांबायचा आणि तव्यावरची करपायची.

ब्राह्मी निपाणीत जन्मली, तेव्हा बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, उपाध्यांनी नाव सुचवलं होतं. आदिनाथांनी आपल्या ज्या लेकीला लिपी शिकवली, तिचं. नावाचा गुण म्हणा की आणखी काही, पोरीला अक्षरांचं वेड लागलं. बाजारात आईचा पदर धरून चालताना एका पाटीवालीचं मराठी आणि तिच्या शेजारणीचं कन्नड ती कान देऊन ऐकायची आणि घरी आल्यावर विचारायची, "आई, त्यांचं हाल म्हणजे दूध, आणि आपले हाल म्हणजे हाल. असं का गं?"

"गप जेव. दिवस बुडायला आला," अनुराधा म्हणायची. घरात दिवस बुडाल्यावर जेवण नसे.

बेळगावला एम. ए. करताना ब्राह्मीनं 'ऊर' या एकाच शब्दावर वीस पानांचा निबंध लिहिला. सुट्टीत घरी आली ती वही काखेत मारूनच. ताटावर बसल्या बसल्या सुरू झाली.

"आप्पा, आपला ऊर म्हणजे छाती. तो संस्कृतातल्या उरस्‌वरनं आला. कन्नडातला ऊरु म्हणजे गाव. त्याचा संस्कृताशी काही संबंध न्हाय. तो तमिळ-तेलुगूच्या घरातला. आणि तिकडं स्पेनच्या डोंगरात बास्क म्हणून एक भाषा हाय, जगात तिला कुणी सख्खं न्हाय. तिच्यात ऊर म्हणजे पाणी."

"मग त्या तिसऱ्या ऊरला निपाणीतनं यष्टी हाय का बघ," वडील शीतल म्हणाले. तंबाखूच्या वखारीतून आल्यावर त्यांना जेवताना चेष्टा लागायची.

"चेष्टा करू नका. जत्रेत तीन अनोळखी बायका एकाच रंगाचं लुगडं नेसून आल्या, तर त्या बहिणी होत्यात का? तसं हाय हे. लांबनं एकसारख्या, आणि जवळ गेल्यावर ओळख ना पाळख."

अनुराधाला त्यातलं अर्धंमुर्धं कळलं. पण लेक बोलते कशी, हे बघत ती पाण्याचा तांब्या हातात धरून उभीच राहिली होती.

पुढं सोयरीक आली चिकोडीच्या पलीकडून, कृष्णाकाठच्या गावातून. या पट्ट्यातले जैन भाषा बघून सोयरीक करत नाहीत. घर बघतात, बस्ती बघतात, रात्री चूल पेटत नाही ना ते बघतात. "बोलणं कन्नड हाय, एवढंच," असं सगळे म्हणाले. ब्राह्मीला शाळेतलं कन्नड येत होतं, मुलगा तिला आवडला होता, तीही "एवढंच" म्हणाली.

सासरी मराठी न बोलण्याचा नियम घातला तो अनुराधानं. त्याला कारण होतं. तिची स्वतःची वहिनी कन्नड घरातली. ती अनुराधाच्या माहेरी सून होऊन आली, तेव्हा तिच्या आईचा फोन आला की चुलीपाशी हळू आवाजात कन्नडात बोलायची. घरात कुणाला अक्षर कळायचं नाही आणि प्रत्येकाला वाटायचं, ही आपल्याच कागाळ्या सांगते. सगळ्यात जास्त अनुराधाला वाटायचं. "आमच्या देखत तुझं कन्नड नको," असं एकदा तिनंच वहिनीला सुनावलं होतं. वहिनीनं नंतर फोनच कमी केले.

म्हणून हळदीच्या आदल्या दिवशी तिनं लेकीला समोर बसवलं.

"तिथं मराठी बोलायचं न्हाय. माझ्याशीसुद्धा न्हाय. त्यांना वाटाय नको, आईजवळ रडगाणं गातीया. शब्द दे."

"आई, तुझं कन्नड बाजारातलं. आपण बोलणार काय, वांग्याचा भाव?"

"शब्द दे म्हटलं न्हवं?"

ब्राह्मीनं हसत दिला.

त्याला दीड वर्ष झालं. दर रविवारी चारला फोन व्हायचा. तिकडं पुढच्या सोप्यात सगळे बसलेले, फोन स्पीकरवर. "ऊटा आतेन?" जेवण झालं का, हे अनुराधा विचारायची. "आतु." मग पाऊस, ऊस, सासूचे गुडघे. "आराम?" "आराम." पाच मिनिटांत अनुराधाजवळचं कन्नड संपायचं आणि पुढं नुसता पंख्याचा आवाज ऐकू यायचा.

लिहिण्याला मात्र नियम नव्हता. दुपारी मोबाईलवर एखादा शब्द यायचा. शेवटचा आला त्यात लिहिलं होतं, 'अत्ती मागच्या परसात बी टोकत होत्या. कन्नडात ऊरु म्हणजे रोवणं पण होतं. माझ्या निबंधात हे राहिलं.' अत्ती म्हणजे सासू. अनुराधानं नेहमीसारखा अंगठा पाठवला. नंतर तीन आठवडे शब्द नाही.

आणि आज, बुधवारी, रचना आली. ब्राह्मीची बालमैत्रीण. नणंदेच्या लेकराच्या बारशाला त्याच गावात गेली होती, परतताना सरळ इकडं आली. चहा पुढ्यात निवत ठेवून म्हणाली,

"काकू, बरी हाय ती. सासू तर तिला ताटावरनं उठू देत न्हाय. पण मला काय बरं वाटलं न्हाय बघा."

"का गं? बारीक झालीया?"

"तसं न्हाय. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी मराठीत बोलतीया, ती कन्नडात उत्तर देतीया. मी म्हटलं, ए शाने, माझ्याफुडं कशाला शायनिंग मारतीस? तर हसली नुसती. वही कुठाय विचारलं, तर कपाटावर बोट केलं. वर धूळ. मग लई वेळानं एकच वाक्य मराठीत बोलली."

"काय?"

"म्हणाली, आईला शब्द दिलाय, आणि आता मला मराठीत सुरुवात कशी करायची तेच सुचत न्हाय."

लेकीच्या सासरी कुणी तिचं तोंड दाबलं नव्हतं. ते दाबायला कुणी येण्याच्या आधीच आईनं दाबून पाठवलं होतं. आणि पोरगी इतकी शब्दाची पक्की की बंद खोलीतसुद्धा पाळत होती. तिच्याजवळ कन्नड होतं ते पाहुण्यांपुढं ठेवायचं: जेवण झालं, पाऊस झाला, आराम. 'मला इथं करमत नाही' हे एवढंसं वाक्य त्यात बसत नव्हतं, आणि बसलं असतं तरी स्पीकरवर कोण बोलतं? लिहून कळवावं, तर आईकडून नुसता अंगठा यायचा.

"रविवारी तुम्हीच बोला की मराठीत," रचना म्हणाली.

"रविवारी सगळी असत्यात. ती मराठीत तोंड उघडणार न्हाय. आणि मी चोरून फोन केला तर वहिनीचं झालं तेच हिचं व्हायचं."

"मग?"

घड्याळात पाच वाजायला आले होते. तिकडं आता स्वयंपाकाची घाई असणार, अंधारायच्या आत सगळ्यांची ताटं व्हायला हवीत. आडवेळ होती. अनुराधानं पदराला हात पुसले आणि रचनाकडं बघितलं.

"तुझं कन्नड बरं हाय न्हवं? 'आम्हा दोघींना मराठीत बोलू द्या, रोज थोडा वेळ, दार लावून' हे कसं म्हणायचं ते सांग मला. नीट, मोठ्या माणसाला बोलतात तसं."

रचनानं सांगितलं. अनुराधानं तीनदा घोकलं, दोनदा चुकली. मग मोबाईल उघडून तिनं ब्राह्मीचं नाव मागं टाकलं आणि ती अत्तींचा नंबर शोधायला लागली.