फाटलेला कोपरा

नातीनं पाकिटाचा कोपरा टर्रकन फाडला, की आजही माझ्या काळजात धस्स होतं.

मी शाळेत होते तेव्हा लढाई चालू होती. शेजारच्या बायजाकाकीचा नवरा पलटणीत होता. त्याचं कार्ड आलं तेव्हा आळीत वाचता येणारी मीच, म्हणून ते घेऊन पोस्टातून धावत सुटले. वाटेत बाभळीच्या काट्याला अडकून कोपरा फाटला. आमच्याकडं मरणाच्या कार्डाचाच कोपरा फाडतात. काकीनं तो पाहिला आणि उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या.

“आवं काकी, काका खुशाल हायती! ऐका तरी!”

रक्ताळलेल्या हातांनी तिनं मला धरलं. “पुन्ना वाच.”

मी पुन्हा पुन्हा वाचलं.

काका पुढं परत आलेच नाहीत. काकी जन्मभर बांगड्या फोडणाऱ्या आपल्याच हातांना दोष देत राहिली. कोपरा माझ्या घाईनं फाटला होता, हे सांगायला मात्र मी कधीच धावले नाही.