कव्हरवरचा धुरकट चेहरा

“ही आमची आई न्हाई,” वाव्हळे सर कव्हरचं कच्चं प्रूफ टेबलावर ठेवत म्हणाले. खरंच नव्हती. डोळ्यांच्या जागी दोन काळपट डाग, नाकाचा पत्ताच नाही.

गंगाखेडच्या एका प्रेसमध्ये मी डीटीपी करते, म्हणजे लोकांचा मजकूर कॉम्प्युटरवर छपाईसाठी लावून देते. सरांच्या आई गावात भीमगीतं गायच्या, सगळी तोंडपाठ. त्या गेल्यावर सरांनी ती टाइप केली. उद्या सकाळी त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, येणाऱ्या प्रत्येकाला पुस्तिका द्यायची. दुपार उतरायला लागली तरी कव्हर अडलेलंच.

“आईसोबत गाणाऱ्या बायकांना वाचता येत न्हाई, ताई,” सर म्हणाले. “त्या आईलाच बघणार.”

मशीनजवळून आमचे शेठ ओरडले, “सुनीता, कव्हर कधी देतीस? लाइट गेली की बसा मग बोंबलत.”

मी सरांनी पाठवलेली पीडीएफ मोठी करून पाहिली. फोटो म्हणजे बारीक ठिपके. मोबाइलच्या स्क्रीनला थोडे पुरतात, कागदाला लय लागतात. एका इंचात तीनशे असले तर बरं. इथं शंभरसुद्धा नव्हते. शार्प करून बघितलं, तर चेहऱ्यावर भेगा पडल्या. डोकं तापलं माझं.

“मूळ फोटो द्या ना सर.”

“तो मोबाइल पाण्यात पडला. भाचीकडं व्हॉट्सॲपवर असंल.”

भाचीनं पाठवला, तो याहून गेलेला. व्हॉट्सॲप पाठवताना फोटो बारीक करतं, आणि हा कितीतरी ग्रुप फिरून आला होता. सर उठून दाराशी जायचे, परत यायचे. मलाही बसवेना.

“कमळ छापा की कव्हरवर,” शेठ म्हणाले. “काम मोकळं.”

मला शेठचा राग आला.

“ही पीडीएफ कशी केली, सर?”

“वर्डमधून. मोठी फाइल मेलवर जाईना, म्हणून मिनिमम साइझ केलं.”

तिथंच माशी शिंकली होती. तो पर्याय निवडला की वर्ड फोटोतले ठिपके टाकून देतं.

“मग वर्डची फाइल का नाही दिली?”

सरांनी भिंतीकडं बोट केलं. शेठनीच पाटी लावलेली: वर्ड नको, पीडीएफच आणा. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट तुटतात, म्हणून आमच्या धंद्यात सगळेच असं सांगतात. शेठ मशीन पुसायला लागले.

वर्डची फाइल सरांच्या पेनड्राइव्हवर होती. मी तिची कॉपी केली आणि नावामागचं .docx हे शेपूट बदलून .zip केलं. वर्डची फाइल म्हणजे बांधलेलं गाठोडं. असं केलं की सुटतं. आत मीडिया नावाच्या फोल्डरमध्ये फोटो असतात. उघडला. डोळे दिसले, कपाळावरचं गोंदण दिसलं. छापायला पुरेसा होता. जीव भांड्यात पडला.

पण नुसता चेहरा नव्हता. श्रद्धांजलीच्या फोटोत ठेवतात तसा चेहराच ठेवून सरांनी बाकीचा भाग वर्डमध्ये कापला होता. वर्ड कापलेलं लगेच फेकत नाही, झाकून ठेवतं. खाली दोन्ही हात होते, टाळीसाठी उचललेले.

“कापू का परत?” मी विचारलं.

सर पहिल्यांदा खुर्चीत नीट बसले. “राहू द्या हात,” ते म्हणाले. “टाळीबिगर तिला गाता यायचं न्हाई.” मग रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले.

शेठनी मुकाट्यानं कव्हर छापायला घेतलं. अंधार पडायच्या आत गठ्ठे बांधून झाले.

कार्यक्रमाचं सरांनी नंतर सांगितलं. पुस्तिका हातात पडली तशा बायका कव्हर बघत बसल्या. मग एकीनं ती मांडीवर ठेवली, फोटोतल्यासारखे हात उचलले आणि गाणं धरलं. बाकीच्यांनी मागून उचललं. आतलं एकही पान कुणी उलटलं नाही.

आता मी गिऱ्हाइकाकडं पीडीएफबरोबर वर्डची फाइलही मागते. शेठ कुरकुरतात, फॉन्ट तुटतील म्हणून. तुटू द्या. फॉन्ट परत बसवता येतो.