खिशातली डबी, अंगणातली रेघ

आपत्ती एखाद्या वर्षी येते, एखाद्या वर्षी येत नाही. आपत्तीची मीटिंग मात्र न चुकता येते. आणि जिथे मीटिंग, तिथे किस्से! मी बरीच वर्षं पावसाची वही लिहितोय. शिक्षण सातवीपर्यंत, पण रोज सकाळी सातला अंगणातल्या डब्यात पट्टी बुडवायची आणि आकडा लिहायचा, हा नेम मोडलेला नाही. वहीत दोन रकाने आहेत, 'पाऊस' आणि 'इतर'. आमच्या वाडीत आपत्ती समिती स्थापन झाली आणि 'इतर'ने पावसाला मागे टाकलं!

पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की घाट सुरू व्हायच्या आत आमची वाडी. मुंबईहून येणारे पाहुणे तिला 'निसर्गाच्या कुशीत' म्हणतात. समितीच्या कागदावर 'दरडप्रवण' असं लिहिलंय. कूस एकच!

समितीचे अध्यक्ष रघुनाथदादा, कारण हात असलेली खुर्ची त्यांच्या एकट्याच्या घरी आहे. सुलभावहिनी आमच्या आशाताई, म्हणजे वाडीच्या आरोग्याचं बघणाऱ्या. त्यांना खरोखर काहीतरी कळतं, म्हणून त्या नुसत्या सदस्य. मी सचिव, कारण माझ्याकडे वही होती.

आता समितीचं खरं काम एकच होतं. माझे चुलते बाळारामकाका आणि लक्ष्मीकाकू वाडीतल्या सगळ्यात वरच्या घरात राहतात. घरामागच्या डोंगराला भेग पडलीय. पहिल्या वर्षी तिच्यात माझी पट्टी मावायची, आता हात मावतो. इशारा आला की या दोघांना खाली शाळेत आणायचं, एवढंच काम. पण काका म्हणतात, "मी नाय येत." आणि काका येत नाहीत म्हणून काकू येत नाहीत.

समितीने यावर गांभीर्याने चर्चा केली आणि ठराव केला : प्रत्येकासाठी खिशात मावेल अशी आपत्तीची डबी बनवायची!

* * *

डबीची कल्पना आम्हाला तालुक्याच्या प्रशिक्षणात मिळाली होती. शिकवायला आलेल्या सरांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी पत्र्याची डबी काढली आणि तिच्यातून जादूगारासारखं एकेक बाहेर काढत गेले. शिट्टी, प्लॅस्टिकात गुंडाळलेली माचिस, बोटाएवढा टॉर्च, तापाच्या गोळ्या, मिठा-साखरेची पुडी, सेफ्टी पिना, दोरा, फोन नंबरांची चिठ्ठी.

"ही डबी चोवीस तास आपल्या खिशात पाहिजे," सर म्हणाले. "काही शंका?"

सुलभावहिनी उठल्या. "सर, आम्हा बायकांना खिसा नसतो. आम्ही कुठे ठेवायची?"

सरांनी क्षणभर विचार केला. "मिस्टरांच्या खिशात ठेवा."

"मिस्टर मुंबईला असतात."

सर पुढच्या स्लाईडवर गेले.

* * *

डबी कसली घ्यायची, यावर तीन मीटिंगा झाल्या. कंपासपेटी लांब पडली. क्रीमची डबी उथळ पडली. शेवटी रघुनाथदादांनी स्वतःची तंबाखूची डबी टेबलावर ठेवली. "ही बघा! माणूस चष्मा इसरेल, बायको इसरेल, पण ही कदी इसरणार नाय."

मुद्दा बिनतोड होता. एकमताने मंजूर.

महिन्याने मी डब्या तपासायला घरोघर फिरलो. मी सगळ्या गोष्टी नोंदवतो, तशी हीही नोंदवली. गोळ्या बहुतेकांनी काढून ठेवल्या होत्या, कारण 'वास लागतो'. चिठ्ठी काढली होती, कारण 'जागा अडते'. दोरा शर्टाच्या बटणाला लागला होता. आणि प्रत्येक डबी काठोकाठ भरलेली होती!

"दादा, ही आपत्तीची डबी आहे ना?" मी अध्यक्षांना विचारलं.

"मग?" दादा चुना मळत म्हणाले. "आपत्तीत हीच पयली लागते!"

* * *

फोन नंबरांची चिठ्ठी मात्र समितीने सगळ्यांसाठी एकसारखी छापली होती. सगळ्यात वर अध्यक्षांचा नंबर, ठळक अक्षरात. अडचण एवढीच की आमच्याकडे रेंज फक्त शाळेमागच्या जांभळीखाली येते. त्यामुळे दादांच्या आग्रहाखातर चिठ्ठीवर एक सूचना छापली : 'आपत्तीत अध्यक्षांशी संपर्क साधण्यासाठी जांभळीखाली यावे. अध्यक्ष तिथेच उपलब्ध असतील.'

मी म्हणालो, "दादा, तुम्ही जांभळीखाली, फोन करणारा जांभळीखाली. मग फोन कशाला?"

दादांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अरे, अध्यक्षाशी डायरेक बोलायचं व्हय?"

* * *

गणपतीला संतोष मुंबईहून आला. हा रघुनाथदादांचा पुतण्या. त्याने आमच्या डब्या पाहिल्या आणि मनापासून हसला. "ये क्या है? हे किट हाय? मी दाखवतो तुम्हाला प्रॉपर सर्वायवल किट!"

त्याचं किट ऑनलाईन मागवलेलं. त्यात होकायंत्र, मासे पकडायचा गळ, तारेची करवत आणि एक छोटा आरसा.

दादांच्या ओटीवर सगळे जमले. लक्ष्मीकाकूही खाली आल्या होत्या. त्यांनी होकायंत्र हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "ह्ये कशाला रे?"

"काकी, रस्ता भटकलो तर डायरेक्शन कळते."

"अरे, डोंगर वर आन् नदी खाली. भटकशील कुठं?"

"आणि हा आरसा. सूरज की रोशनी वरच्या हेलिकॉप्टरला मारायची. सिग्नल!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडली. सबंध जुलैत ऊन पडल्याची नोंद एकच होती : 'दुपारी थोडं. कपडे वाळत घालेपर्यंत गेलं.'

पण संतोष हरणारा नव्हता. त्याने लोखंडाचा एक दांडा आणि पट्टी काढली. "ये देखो फायर स्टार्टर. भर पावसात आग!" आणि तो दांडा घासू लागला. ठिणग्या उडत होत्या, सुकं गवत मात्र नुसतं धुरत होतं. संतोषचा शर्ट घामाने भिजला. मी घड्याळ लावलं होतं. पस्तीस मिनिटं!

शेवटी काकू आत गेल्या, चुलीतला रसरशीत इंगळ चिमट्यात धरून आणला आणि गवतावर टाकला. भक्कन पेट घेतला.

"ह्ये घे," काकू म्हणाल्या. "आता चा ठिवू का आजून घासतोस?"

* * *

डब्या परत नीट भरून घेतल्या. त्या आता तशाच राहाव्यात, म्हणून सगळ्या डब्या एका परातीत घालून ग्रामदेवतेच्या देवळात नेल्या. नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालायचा मान रघुनाथदादांचा. दादांना एकदा गाऱ्हाणं घालायला मिळालं की ते देवालाही मध्ये बोलू देत नाहीत.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी या डब्या तुझ्या पायाशी ठिवल्यात! यातली एकबी डबी उघडायची येळ आणू नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळी वाडी एका आवाजात.

पुढच्या महिन्यात सुलभावहिनी नव्या गोळ्या घेऊन घरोघर गेल्या. जुन्या गोळ्यांची तारीख संपत आली होती. पण एकही माणूस डबी उघडू देईना!

"देवाला सांगितलंय, उघडायची येळ आणू नको म्हणून. आन् आपणच उघडायची?"

मी मागे तपासल्या तेव्हा तंबाखूच्या डब्या होत्या, आता देवाच्या झाल्या होत्या. तंबाखूसाठी सगळ्यांनी दुसऱ्या डब्या घेतल्या होत्या. वहिनींनी समजावलं, रागावून पाहिलं. शेवटी त्या हुशार बाईने परत नारळ आणला, परत वाडी जमवली आणि दादांकडून नवीन गाऱ्हाणं घालून घेतलं : गोळ्या बदलण्यापुरती डबी उघडायला देवाची हरकत नसावी!

"होय म्हाराजा!"

माझ्या माहितीत मुदत संपत आलेल्या गोळ्यांसाठी देवाची परवानगी घेणारी आमची पहिलीच वाडी.

* * *

आता शिट्टी. तीन लांब शिट्ट्या झाल्या की सगळ्यांनी शाळेत जमायचं, असं ठरलं. रंगीत तालीम झाली. दादांनी शिट्टी फुंकली, तर वरून बाळारामकाकांचा आवाज आला, "ही शिट्टी हाय का कुकर?"

काकांबद्दल एक सांगायला हवं. काका म्हणजे कबड्डीचे पंच. तीस वर्षं महाडपासून दासगावपर्यंत काकांच्या शिट्टीशिवाय मोठा सामना झाला नाही. एकदा फायनलमध्ये त्यांच्याच धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, अंगठा रेषेवर पडला. काकांनी शिट्टी वाजवली. बाद! आमची वाडी हरली. वडील दोन महिने काकांशी बोलले नाहीत. काकांचं म्हणणं एवढंच, "दिलेला निर्णय बदलायचा नाय. आन् पंचाशी हुज्जत घालायची नाय."

तर काका खाली आले आणि त्यांनी सबंध समितीला शिट्टी फुंकायला शिकवलं. पोटातून हवा, जिभेने तोडायची. लक्ष्मीकाकूंना एका दमात जमलं. काका खूश! शिकवणी संपली, तालमीप्रमाणे सगळी वाडी शाळेत थांबली आणि काका-काकू परत वर निघाले.

"काका, तुम्हीही शाळेतच थांबायचं आहे," मी म्हणालो.

"पंच मैदान सोडत नाय," काका म्हणाले आणि गेले.

त्यानंतर पाहणीला माणसं आली. त्यांनी काकांच्या अंगणातून फक्कीची पांढरी रेघ मारली आणि सांगितलं, रेघेच्या वर पावसाळ्यात कुणी राहायचं नाही. रेघ एका सरीत धुऊन गेली. मग मी मापं घेऊन त्याच जागी दगड रोवले आणि त्यांना पांढरा ऑईलपेंट दिला. काका ओटीवर बसून बघत होते.

"ही कंची रेषा म्हणायची? मध्यरेषा का अंतिमरेषा?"

"तुम्हीच सांगा."

काका उठले, चारही बाजूंनी पाहून आले. "अंतिमरेषा. सरळ मारलीस. शाब्बास!"

काकूंना खिसा नव्हताच. त्यांनी डबीतली शिट्टी काढून पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. बाकीची डबी देव्हाऱ्यात.

* * *

आणि मग तो दिवस आला. सकाळी सातला मी पट्टी बुडवायला गेलो तर डबा भरून वाहत होता. त्या दिवशीच्या 'पाऊस' रकान्यात मी पहिल्यांदाच आकडा लिहिला नाही. नुसतं 'डबा पुरला नाही' असं लिहिलं.

इशारा आला. शिट्ट्या झाल्या. खरं सांगायचं तर समिती नीट वागली. दादांनी म्हाताऱ्यांना स्वतः हात धरून आणलं, सुलभावहिनींनी शाळेत गोळ्या आणि सतरंज्या मांडल्या. दहाच्या सुमारास वरच्या घरातले दोघं सोडून सगळे खाली होते.

मी वर गेलो. मागची भेग बघितली. आता तिच्यात माणूस मावला असता, आणि आतून गढूळ पाणी येत होतं. काकू बोचकं बांधून तयार होत्या. काकांनी गुरं सोडून खाली हाकलली होती. स्वतः मात्र ओटीवर मांडी घालून बसलेले.

"काका, चला."

"मी नाय येत. तू हिला घेऊन जा."

"तुम्ही नाय तर मी नाय," काकू म्हणाल्या.

अर्धा तास गेला. मी विनवलं, वडिलांची शपथ घातली, ओरडलोही. मला ओरडायची सवय नाही, आवाज चिरकला. वर डोंगरात काहीतरी कडकन मोडलं. झाड असावं.

काकूंनी बोचकं उचललं आणि एकट्या चालू लागल्या. पांढऱ्या दगडांची रेघ ओलांडली आणि पलीकडे पावसात उभ्या राहिल्या. आता काका उठले. तरातरा अंगण ओलांडून आले आणि रेघेच्या आतल्या बाजूला थांबले.

"गो, चाललीस कुठं? पन्नास वर्सं हितं काढली. डोंगर काय आज नवीन हाय? तू घाबरलीस, तू!" बोट नाचवत ते पुढे वाकले. तोल सावरायला पाय थोडा पुढे पडला. अंगठाभर.

काकूंनी पदराची गाठ सोडली. शिट्टी तोंडात धरली. पोटातून हवा, जिभेने तोडलेली. एकच!

"पाय भायेर. बाद!"

काकांनी नाचवलेलं बोट खाली घेतलं. खाली वाकून अंगठा पाहिला. दगड पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मी सचिव, खोटं लिहीत नाही. मी मान हलवली.

"पण मी—"

"पंचाशी हुज्जत घालायची नाय," काकू म्हणाल्या.

काकांनी टोपी सारखी केली, मान खाली घातली आणि रेघ ओलांडून मुकाट चालू लागले. शाळेत सगळ्यांपासून लांब, व्हरांड्याच्या टोकाला भिंतीशी पाय दुमडून बसले. समोरचा बाद होऊन आपल्याला परत आत घेतील याची वाट बघत बाद झालेला गडी बसतो तसे. सुलभावहिनींनी चहा दिला, तो त्यांनी घेतला आणि तसाच धरून ठेवला.

दुपारी दीड वाजता आवाज झाला. तो कसा होता, हे मला वहीत लिहिता आलेलं नाही. सगळे व्हरांड्यात धावले. काकांचं घर होतं तिथे लाल मातीचा ढीग होता. चिखल ओटीवरून अंगणात, अंगणातून पांढऱ्या दगडांवर आणि दगडांच्या पार खाली येऊन थांबला होता. रघुनाथदादांच्या हातातली डबी खाली पडली, तरी त्यांना कळलं नाही. काकूंनी भिंतीला हात टेकला.

टोकाला बसलेले बाळारामकाका हळूच उठले. डोळ्यांवर हात धरून बराच वेळ त्या चिखलाकडे बघत राहिले. मग काकूंसमोर येऊन, टोपी काढून, ताठ उभे राहिले.

"पंच," काका म्हणाले, "डोंगरानं लाईन तोडलीय. तो बाद. आता आपला एक गडी आत घ्या."